सैल पट्टे

१

खताची टाकी पोटात घेऊन निघालेलं ते पिवळं विमान धावपट्टीच्या डाव्या अंगाला, पाटाच्या बांधावर नाक आपटून पडलं होतं. शेपूट वर, एक पंख चुरगळलेला, आणि टाकी फुटून नाकापुढे खताचा पांढराशुभ्र ढीग. परवा सकाळपासून त्याला कुणी हात लावला नव्हता, तसा हुकूमच होता. कॅप्टन मात्र दवाखान्यात पोचायच्या आत गेला होता.

तपास खात्यातून आलेल्या बाईंना हाताखालची माणसं पाठीमागे मास्तरीण म्हणत. प्रश्न विचारून झाला की त्या उत्तर येईपर्यंत समोरच्याकडे नुसत्या बघत राहायच्या, आणि भल्याभल्यांना पाठ न केलेला धडा आठवायचा. उंचीने त्या बेताच्याच. विमानाच्या खोपटात, वैमानिकाच्या बसायच्या जागेत, डोकावायला त्यांना अवजारांच्या पेटीवर उभं राहावं लागलं.

"बघा बाई," खाली उभे असलेले मालक म्हणाले. एवढ्या धुळीतही त्यांच्या शर्टाची इस्त्री मोडली नव्हती. "शेपटीवरच्या सुकाणूची तार. आदल्या संध्याकाळीच नवी घातलेली, आणि तुटलेली. यात तपास तो काय करायचा?"

"कुणी घातली?"

"कॅप्टनच्या सख्ख्या धाकट्या भावाने. आमचा मेकॅनिक तो. मी पोलिसांत तक्रार दिली आहे, संध्याकाळी येतायत त्याला न्यायला. तो तर काही नाकारतही नाही."

बाईंनी तारेचं टोक उचलून पाहिलं. ते केरसुणीसारखं पिंजारलेलं होतं, पण तार जिथे अडकवलेली होती ती खोबणी जशीच्या तशी घट्ट होती. त्यांची नजर आत फिरत राहिली. एंजिनाचा जोर कमीजास्त करायचा थ्रॉटल पूर्ण मागे ओढलेला होता. म्हणजे माणूस शुद्धीवर होता, झगडत होता. मग त्याच्या शेजारचा, जरा पुढे असलेला लाल दांडा जागच्या जागी कसा? विमान हाताबाहेर जायला लागलं की फवारणीचा कुठलाही वैमानिक आधी तो दांडा ओढतो. सगळं खत क्षणात खाली पडतं आणि विमान हलकं होतं. याने दांड्याला हातसुद्धा लावला नव्हता.

"खांद्याचे पट्टे कुणी सैल केले?" बाईंनी विचारलं.

"कुणी नाही. नुसतं बक्कल उघडून त्याला बाहेर काढला, म्हणतात. का?"

बाईंनी बक्कल पुन्हा जोडलं. बसलेल्या माणसाची छाती जिथे येईल तिथे एक हात आडवा धरला आणि पट्ट्याखाली दुसऱ्या हाताची मूठ घातली. मूठ सहज मावली, वर आणखी एकीला जागा उरली. उडायला निघालेला वैमानिक असे पट्टे बांधत नाही.

२

मेकॅनिक हँगरच्या मागच्या खोलीत पान्यांच्या फळीसमोर बसला होता. तिशीतला, हातापायाने दणकट, पण तीन दिवसांत अंगातली हवाच गेल्यासारखा दिसत होता. बाई आल्यावर तो उठला आणि त्यांनी काही विचारायच्या आत म्हणाला, "तार मीच घातली. दुसऱ्या कुणाचा हात नव्हता."

"मी तारेचं विचारलं नाही."

"सगळे तेच विचारतायत."

"घातल्यावर तपासली?"

"दादाने तपासली. तो स्वतः आत बसला, मी शेपटीपाशी उभा होतो. पेडल पार डावीकडे, मग पार उजवीकडे. सुकाणू शेवटपर्यंत वळत होतं. तो वरून म्हणाला, झकास झालंय, चल घरी. मी म्हटलं, तू हो पुढे, मी आवरून येतो." तो थांबला. "पण सकाळी विमान डावीकडे ओढलं गेलं, आणि उजवं सुकाणू लागलंच नाही. मग तारेशिवाय दुसरं काय असणार, बाई?"

"तू बघितलंस?"

"मी आत दुसऱ्या विमानाचं तेल बदलत होतो. आवाज ऐकून धावलो. भोंगा माझ्या आधी पोचला होता."

भोंगा म्हणजे टाकी भरणारा माणूस. बाईंनी नाव लक्षात ठेवलं.

"तुझा दादा पट्टे कसे बांधायचा?"

हा प्रश्न त्याला अनपेक्षित होता. "करकचून. उन्हाळ्यात खांद्यावर वळ उठायचे त्याच्या. वहिनी चिडवायच्या, विमान चालवायला जाता का मोळी बांधायला." "वहिनींनी मला दार उघडलं नाही. दोनदा गेलो. आतून कडी. मी म्हणतो, बरोबरच आहे. ज्याने नवऱ्याला मारलं त्याचं तोंड का बघावं?"

बाईंना त्याची दया आली, आणि दया आली की त्या जास्तच रुक्ष बोलत. "मारलं की नाही ते ठरवायला मला सरकार पगार देतं. दादाचे त्या दिवशीचे कपडे कुठे आहेत?"

त्याने कपाटातून दवाखान्याची पिशवी काढून दिली. शर्टाची पुढची बाजू बघण्यासारखी नव्हती. बाईंनी तो उलटा केला. कंबरेपासून खांद्यांपर्यंत घामाने ओल्या झालेल्या कापडावर पांढरी पूड चिकटून सुकली होती. विखुरलेली नव्हे, नीट चौकडीत. एखाद्या जाड विणीच्या कापडाचा ठसा उमटावा तशी.

खत विमानाच्या नाकापुढे सांडलं होतं. वैमानिकाच्या पाठीमागे ते आलं कुठून?

३

भोंग्याचं खरं नाव बहुधा त्याच्या बायकोलाही आठवावं लागत असेल. चालू एंजिनावर आवाज चढवून बोलू शकणारा त्या पट्टीवरचा तो एकटाच माणूस. अपघातापासून मात्र तो कुजबुजत होता. बाईंना त्याचं बोलणं ऐकायला पुढे वाकावं लागत होतं.

"रोजच्यासारखंच, बाई. पहाटे एंजिन सुरू करून ठेवलं. टाकी भरली. कॅप्टन आले, चढले, मी झाकण लावलं, अंगठा दाखवला."

"कॅप्टन येण्याआधीच एंजिन चालू?"

"मालकांचा नियम आहे. वारा उठायच्या आत जास्तीत जास्त फेऱ्या झाल्या पाहिजेत. एंजिन बंद करायचं नाही. वैमानिकाने यायचं, बसायचं, निघायचं. एकदा एंजिन बंद केलं म्हणून मालकांनी सगळ्यांदेखत कॅप्टनची खरडपट्टी काढली होती."

"बसल्यावर कॅप्टन काही बोलले?"

"नाही."

"काही मागितलं?"

"नाही." हे दुसरं नाही जरा जास्तच लवकर आलं.

बाई नुसत्या बघत राहिल्या. भोंग्याने आधी जमिनीकडे पाहिलं, मग आभाळाकडे, मग शेडच्या कोपऱ्यात रचलेल्या रिकाम्या पोत्यांच्या ढिगाकडे, आणि तिथून नजर अशी काढून घेतली, जणू चटका बसला असावा. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

"खत भरताना अंगावर पूड उडते?" त्यांनी विचारलं.

"आमच्या उडते. आम्ही पांढरे भुतासारखे होतो. वैमानिकाच्या खोपटात कण जात नाही. याच विमानाने विषारी फवारणीही करतात ना, म्हणून दार घट्ट असतं."

आपण काय बोलून गेलो हे त्याला कळलं असावं.

"अपघातानंतर पहिला तू पोचलास," बाई शांतपणे म्हणाल्या. "कॅप्टनला बाहेर काढलंस. आणखी काय बाहेर काढलंस?"

भोंगा उठला. "मला पोरंबाळं आहेत, बाई," एवढंच म्हणाला आणि शेडच्या मागच्या दाराने निघून गेला.

४

बाईंनी त्याचा पाठलाग केला नाही. पोरंबाळं असलेला माणूस फार लांब पळत नाही हे त्यांना ठाऊक होतं. पाठीवर विणीचा ठसा कशाचा, हेही आता कळल्यासारखं होतं. कोडं दुसरंच होतं. वर्षानुवर्षं उडणाऱ्या माणसाला पाठीमागे पोती घ्यायची वेळ का आली?

कॅप्टनचं घर पट्टीपासून सायकलीच्या अंतरावर. दार बऱ्याच वेळाने उघडलं. कॅप्टनची बायको पस्तिशीची, सडसडीत, उंच. डोळे कोरडे. तिने बाईंना खुर्ची दिली आणि स्वतः कोपऱ्यातल्या लोखंडी पेटीवर जाऊन बसली. शेजारी दुसरी खुर्ची रिकामी होती.

खोली नीटनेटकी होती. बाईंनी उगाच उठून भिंतीवरच्या आरशात पाहिलं आणि चकित झाल्या. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या घरच्या आरशात त्यांना टाचा न उंचावता आपला अख्खा चेहरा दिसला. शेजारची कपड्यांची खुंटीही त्यांच्या हाताला सहज येत होती. खुंटीवर पुरुषाची विजार होती, आणि ती बाईंच्याच मापाची वाटत होती.

"कॅप्टन उंचीने...?"

"माझ्या खांद्याला लागायचे." तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "लग्नात लोक हसले होते. ते म्हणाले, हसू द्या, मी रोज तुमच्या सगळ्यांच्या डोक्यावरून जातो."

"तुमच्या दिरांना पोलीस नेणार आहेत."

"माहीत आहे."

"फार राग आहे का त्यांच्यावर?"

पेटीच्या कडेवर तिची बोटं पांढरी पडली होती. "त्यांचं नाव काढू नका," ती म्हणाली. "मी त्यांच्यासमोर उभी राहू शकत नाही."

बाईंनी निरोप घेतला. चप्पल घालायला वाकल्या तेव्हा पलंगाखाली कापसाचे दोनचार पुंजके दिसले. आणि पडद्यात एक दाभण खोचलेलं होतं, जाड दोरा ओवलेलं.

५

हँगरमध्ये अपघात झालेल्या विमानाचं जुळं भावंड उभं होतं. त्याच बनावटीचं, त्याच रंगाचं. बाई पेटीवर पाय देऊन त्यात चढल्या. मेकॅनिक खाली उभा राहून हे नवल बघत होता.

"बाई, काय करताय?"

"उडत नाहीये, घाबरू नकोस. मला सांग, विमान सुटताना नाक कुठे ओढलं जातं?"

"डावीकडे. पूर्ण जोर दिला आणि शेपूट उचलली की ओढतंच. उजवं पेडल शेवटपर्यंत दाबून धरावं लागतं, सुटेपर्यंत."

बाईंनी पाठ टेकली. उजवा पाय लांब केला, पेडल दाबलं. ते अर्ध्यावर गेलं आणि त्यांचा पाय संपला. त्यांनी आणखी रेटलं तशी पाठ पाठीमागच्या आसनात रुतली, पण पेडल पुढे सरकलं नाही. मग डावा हात लांबवला. लाल दांडा बोटांच्या टोकांपासून चार बोटं दूरच राहिला.

"पेडल जवळ ओढायची सोय असते ना?"

"असते, पण दोन्ही विमानांतली गंजून अडकली आहे, पार पुढच्या खाचेत. मी मालकांकडे नवा भाग कितीदा मागितला. दुसरे कॅप्टन ताडासारखे उंच, त्यांचं अडत नाही. मालक म्हणाले, एकट्या दादासाठी..." तो वर बघत सहज म्हणून गेला, "तुम्हाला दादासारखीच पाठीला उशी..."

आणि तो थांबला. हातातला पाना त्याने हळूच खाली ठेवला.

"उशी," बाई म्हणाल्या. "आता बोल. परवा सकाळी ती कुठे होती?"

"विमानातच असणार. ती कायम विमानातच..." त्याला पुढे बोलवेना. "बाई, मी त्याला आत बघितलं होतं. मी त्याचं डोकं धरलं होतं. तिथे उशी नव्हती."

६

पोलिसांची गाडी यायच्या आधी बाईंनी सगळ्यांना हँगरमध्ये बोलावलं. मालक घड्याळ बघत उभे होते. भोंगा आपणहून आला, काखेत गुंडाळी घेऊन. रिकाम्या पोत्यांची घडी, सुतळीने बांधलेली. ज्या ढिगात त्याने ती लपवली होती त्यात शोधायला माणसाला आठवडा लागला असता. पण ती फेकून द्यायचा धीर त्याला झाला नव्हता. कॅप्टनची बायको सगळ्यांच्या शेवटी आली आणि दाराजवळच्या बाकावर बसली. दिराकडे तिने पाहिलं नाही. तिच्या मांडीवर पिशवी होती.

"आधी तार," बाई म्हणाल्या. "सगळे तिच्यामागे लागलात, साप समजून भुई धोपटत बसलात. चुकीची बसवलेली तार खोबणीतून निसटते. ही खोबणीत पक्की आहे आणि मधेच पिंजारून तुटली आहे. म्हणजे विमान बांधावर आदळलं तेव्हा हिसक्याने तुटली. ती अपघाताने तुटली, अपघात तिच्याने झाला नाही."

मेकॅनिकने डोळे मिटून घेतले.

"मग उजवं सुकाणू का लागलं नाही? लाल दांडा का ओढला गेला नाही? करकचून बांधलेले पट्टे सैल कसे झाले? तीन प्रश्न, उत्तर एकच. पट्टे बांधले तेव्हा कॅप्टनच्या पाठीमागे दोन मुठी जाडीचं काहीतरी होतं. विमान धावताना ते सरकून बाजूला गेलं. कॅप्टन तेवढे मागे गेले, आणि पाय पोचला नाही, हात पोचला नाही."

"पोती," भोंगा म्हणाला. आता तो कुजबुजत नव्हता. "ते बसले आणि म्हणाले, अरे, उशी घरी राहिली. मी म्हटलं, घेऊन येऊ? ते म्हणाले, एंजिन चालू आहे, टाकी भरली आहे, मालक आले तर पुन्हा तमाशा. दे काहीतरी पाठीला. मी ही घडी दिली. मी दिली, बाई. मग ते पडल्यावर मी ती काढून घेतली. म्हटलं, फासावर जाईन."

"प्लास्टिकच्या विणीची पोती," बाई म्हणाल्या. "वर गुळगुळीत पूड. पाय जितका दाबावा तितकी पाठ मागे रेटली जाते, आणि तितकी ती सरकतात. उभ्या विमानात हे कळत नाही. धावताना कळतं, तेव्हा उशीर झालेला असतो. कॅप्टनही चुकले. जुन्या माणसाला वाटतं, आजवर निभावलं, आजही निभेल."

"उशी मी ठेवून घेतली."

सगळ्यांनी बाकाकडे पाहिलं. कॅप्टनच्या बायकोने पिशवीतून उशी काढली. निळी, टचटचीत भरलेली, कडेला नवे टाके. "दबून पापड झाली होती. मीच म्हटलं, घरी आणा, कापूस भरून देते. रात्री शिवून दाराशी ठेवली. ते पहाटे मला न उठवता गेले आणि ती दाराशीच राहिली. दवाखान्यातून घरी आले तेव्हा पहिली तीच दिसली मला." "मला तेव्हाच कळलं. आणि मी भाऊजींवर आळ येऊ दिला."

मालकांनी सुस्कारा सोडला. "म्हणजे एकीने उशी ठेवून घेतली, एकाने पोती दिली. झालं तर मग. मी तर तेव्हा इथे नव्हतोही."

"खरं आहे," बाई म्हणाल्या, आणि त्यांची ती मास्तरणीची नजर पहिल्यांदा मालकांवर स्थिरावली. "गेले तीन दिवस इथे तीन माणसं स्वतःला खुनी समजून बसली आहेत. एकजण तार घातली म्हणून, एकजण पोती दिली म्हणून, एकजण उशी शिवली म्हणून. ज्यांना काहीच वाटत नाही असे तुम्ही एकटे. पेडलचा भाग मागितला तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

उत्तर मेकॅनिकने दिलं, कसलाही राग न आणता. "म्हणाले, उशी आहे ना, मग भाग कशाला."

"वैमानिकाच्या जिवाला एक उशी पुरेल असं तुम्ही ठरवलंत. आणि ती विसरली तर एंजिन बंद करून आणायला जाता येणार नाही, हेही तुम्हीच ठरवलंत. माझ्या अहवालात पहिलं नाव तुमचं असेल. पोलीस येतायतच, बोलावलेही तुम्हीच आहेत."

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. मालकांनी कॉलर सारखी केली आणि बाहेर गेले. भोंगाही त्यांच्या मागे गेला, जबाब द्यायला.

बाईंनी आपले कागद गोळा केले. जायला निघाल्या तरी पाय निघेना, म्हणून त्या विमानाच्या पंखाआड उगाच थांबल्या.

मेकॅनिक बाकापासून थोड्या अंतरावर उभा होता. "वहिनी," तो म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही मला विचाराल, तार कशी तुटली. म्हणून दार जोरात वाजवलंच नाही."

"आणि मला वाटलं, तुम्ही विचाराल, उशी कुठे गेली," ती म्हणाली. "म्हणून उघडलं नाही." आणि इतके दिवस न आलेलं रडू तिला आता आलं.

तो तसाच उभा राहिला, हातांचं काय करावं ते न कळून. मग तिने पदराने तोंड पुसलं, मांडीवरची उशी बाजूला ठेवली आणि बाकावर थोडी सरकली. तो तिच्या शेजारी बसला.